सहाशे बारा खुर्च्या

३ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या,

तीन ईमेल पाठवले, तिन्ही परत आले. फोन तू उचलत नाहीस हे चार महिन्यांत माझ्या लक्षात आलं आहे. मला कळायला वेळ लागतो, पण कळतं. म्हणून हा कागद. पोस्टमनला वाटेत अडवायची सोय अजून कुणी काढलेली नाही.

पानांचे पत्ते मागच्या बाजूला दिले आहेत. ते तुला हाताने टाइप करावे लागतील. अक्षरं सुटी काढली आहेत आणि शून्यावर तिरकी रेघ मारली आहे, तुला लहानपणी शिकवली होती तशी. एक टिंब चुकलं तरी पान उघडणार नाही, तेव्हा सावकाश.

आपली ‘वेचणी’ मी बंद केलेली नाही. अकरा वर्षं दर रविवारी तू जालावरून वेचून आणलंस आणि मी प्रत्येकाखाली दोन ओळी लिहिल्या. आता दोन्ही कामं माझ्याकडे आली आहेत, आणि खरं सांगायचं तर वेचण्यात मला गती नाही. तुला नाक आहे. माझ्याकडे नुसती पट्टी.

तरी या आठवड्यात तीन बरी सापडली. एकाने कॅल्क्युलेटर केला आहे, तो उत्तर देण्याआधी उसासा टाकतो. बेरजेला छोटा, भागाकाराला लांब. शून्याने भागायला सांगितलं तर काही न बोलता पान बंद करतो. दुसरं एक पान आहे, त्यावर प्रोग्रामर लोकांनी आपल्या कोडमध्ये मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवलेल्या सूचना जमवल्या आहेत. एक अशी: ‘हे का चालतं ते माहीत नाही. हात लावू नका. मी लावला होता.’ मी खुर्चीत एकटाच मोठ्याने हसलो आणि मग उगाच मागे वळून पाहिलं. तिसऱ्या पानावर जगभरच्या लोकांनी आपापल्या जिन्यांचे आवाज टाकले आहेत. आपल्या जुन्या घराच्या जिन्याचा असता तर सातवी पायरी मी ओळखली असती.

राहिला तो विषय. त्यावर मी लिहिणार नाही. एवढंच म्हणतो की तिचं ‘आजची खुर्ची’ हे पान गेल्याचं मलाही वाईट वाटलं आहे. रोज एक खुर्ची, सहाशे बारा दिवस, शेवटच्या काही तर दवाखान्यातल्या खाटेवरून. बायको तुझी होती, मान्य. पण ती चित्रं माझ्या खोलीतल्या यंत्रावर राहत होती, आणि तिला चित्रं काढायला जो फळा लागायचा तो मी स्वतः लिहिलेला प्रोग्राम होता. डिस्क गेली. डिस्क जातात. तू म्हणालास, दुरुस्तीवाल्याकडे नेऊ. मी म्हणालो, भंगारात दिली. तू म्हणालास, “दादा, तू वाकडा खिळासुद्धा फेकत नाहीस.” मग फोन ठेवलास.

थंडी आहे, कानाला मफलर लावून फिरत जा.

दादा


१७ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पोचलं. पोचलं म्हणजे वाचलं असं नाही, हे मला माहीत आहे. पण परत आलं नाही हेही खरं.

छापखान्यात औषधाच्या खोक्यांचं नवं काम आलं आहे. खोक्याच्या घडीपासून अक्षर दोन मिलिमीटर आत हवं, ते दीड होतं, म्हणून मी सगळी प्लेट परत पाठवली. कटिंगवाला म्हणाला, “साहेब, अर्ध्या मिलिमीटरपायी लग्न राहिलं का हो तुमचं?” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मोजलं तेव्हा लक्षात आलं की त्या आठवड्यात माझ्याशी कुणी बोललेलं सर्वांत लांब वाक्य तेच होतं.

आता मुद्द्याचं. गुरुवारी वेचणीसाठी विनोदाची पानं चाळत होतो. एका चित्रात एक खुर्ची होती, तीन पायांवर उभी, चौथा पाय जरा उचललेला, कुत्र्याने खांबाशी उचलावा तसा. वर कुणीतरी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘मीटिंग पाचच मिनिटांची आहे, म्हणाले.’ अक्षरांमधलं अंतर भयानक. पण मी अक्षरं पाहतच नव्हतो. कोपऱ्यात, पुसट, ‘वाकडी’ अशी सही होती.

तिची एकशे तिसावी.

तिला वाकडी म्हणायला मीच सुरुवात केली होती, आठवतं? लग्नानंतर पहिल्यांदा तिने माझ्यासमोर कागदावर चौकोन काढला, आणि मी म्हणालो, हा चौकोन नाही, चौकोनाचा आजार आहे. दुसरी कुणी असती तर रुसली असती. तिने तेच नाव सहीला घेतलं.

लोक तिच्या खुर्च्या उचलून त्यांवर विनोद लिहायला लागले तेव्हा मी किती तणतणलो होतो, तेही तुला आठवत असेल. त्रेसष्ट जणांना पत्रं धाडली. चोरी आहे, काढा, नाहीतर बघतो. छप्पन जणांनी काढली. मला वाटलं, तिला अभिमान वाटेल. मी यादी दाखवली तर ती पोटावर उशी धरून हसत होती. तेव्हा हसलं की तिला दुखायचं. म्हणाली, “अहो दादा, खुर्चीच आहे ना. बसू द्या की लोकांना.”

तेव्हा मला ते बोलणं बेजबाबदार वाटलं होतं.

ती एकशे तिसावी मी साठवून ठेवली आहे. सोबत छापून पाठवतो. विनोद खोडलेला नाही, कारण खोडला तर मागची पाठही जाईल.

दादा


३ मार्च, रविवार

धाकट्या,

एक्केचाळीस.

एका चित्रावरून त्याच्यासारखी दुसरी शोधून देणारी पानं असतात, त्यांच्यात दोन आठवडे काढले. छापखान्यातून आलो की चहा, आणि मग जेवणापर्यंत खुर्च्या. तुला सांगतो, जग तिच्या खुर्च्यांवर बसून आहे. कुठल्याशा वाचनालयाने आपल्या ‘शांतता राखा’च्या सूचनेत तिची वेताची खुर्ची वापरली आहे. एका प्रोग्रामरने आपलं काम अडकलं की दिसावी म्हणून एक टाकली आहे, ती पडद्यावर हळूहळू मागे कलते. एका गप्पांच्या पानावर एक म्हातारा माणूस गेली चार वर्षं स्वतःच्या फोटोऐवजी तिची झुलती खुर्ची लावून सगळ्यांशी भांडतो आहे. मी त्याला नम्रपणे विचारलं, मूळ प्रत आहे का. तो माझ्याशीही भांडला. मग दुसऱ्या दिवशी पाठवली.

दातांच्या एका दवाखान्यात स्वागताला बसणारी बाई आहे. तिच्या संगणकाच्या पडद्यावर दोनशे सातवी आहे, ती गुबगुबीत, हातांत तोंड लपवलेली. तिने लिहिलं की रोज घाबरलेली माणसं तिच्यासमोर येतात, आणि ती पडदा त्यांच्याकडे वळवते. ‘ही कुणी काढली ते माहीत नव्हतं. त्या अजून काढतात का?’

मी उत्तर लिहायला चाळीस मिनिटं घेतली. ‘नाही’ एवढंच लिहिलं.

ज्याच्याकडे सर्वांत जास्त असणार तो म्हणजे टोपीवाला. विनोदांचं ते मोठं पान चालवतो, टोपी घातलेल्या बटाट्याचं चित्र लावतो, खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. मी त्याला सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर तासाभरात आलं. ते जसंच्या तसं देतो, कारण त्यात बदल करण्याचा मला अधिकार नाही:

‘काका, तुम्ही तेच ना, ज्यांनी मला सात पानांचं पत्र पाठवलं होतं? नव्वद होत्या माझ्याकडे. तुम्ही सांगितलंत म्हणून पुसल्या. तुम्हीच लिहिलं होतं, नुसत्या काढू नका, परत सापडणार नाहीत अशा पुसा. तशा पुसल्या.’

खाली त्याने बटाट्याने टोपी काढल्याचं चित्र जोडलं होतं. चेष्टा नव्हती ती. मला वाटतं त्याला खरंच वाईट वाटलं.

या वेळच्या वेचणीत खुर्च्यांखेरीज दुसरं काही नाही.

दादा


२४ मार्च, रविवार

धाकट्या,

अठ्ठ्याऐंशी झाल्या आणि तिथे थांबल्या. नऊ दिवसांत नवी एकही नाही.

मधल्या काळात मी एक काम हाती घेतलं. म्हटलं, निदान आहेत त्या तरी स्वच्छ करून तुला द्याव्यात. विनोदाची अक्षरं काढायची, खाली झाकलेली रेघ पुन्हा भरायची. एकशे तिसावी घेतली, कारण ती पहिली सापडलेली. अक्षरांखाली तिच्या पाठीचा वरचा दांडा आणि उजवीकडचा कोपरा गेला होता. मी आठ दिवस त्यावर बसलो. रेघेची जाडी मोजली, दाब कुठे वाढतो ते पाहिलं, तिच्या बाकीच्या सत्त्याऐंशी कोपऱ्यांशी ताडून पाहिलं. हो, पडद्याला पट्टी लावूनच. तू हसायचास ना, पडद्याला पट्टी कोण लावतं म्हणून. हस.

काल संध्याकाळी पुरं झालं. मी लांब जाऊन उभा राहिलो. दारापाशी, तू उभा राहून माझी कामं बघायचास तिथे.

कोपरा अचूक होता, आणि तो माझा होता. बाकी सगळी खुर्ची नुकतीच उठल्यासारखी किंवा आता बसेल अशी होती, तो कोपरा तेवढा खुर्ची होता. तुला दाखवायची गरजच पडली नसती. तू दारातूनच म्हणाला असतास, “हा दांडा तिचा नाही.”

मी तो पुसला आणि विनोद परत ठेवला.

तुझी खुर्ची अजून माझ्या टेबलाशेजारी आहे. तिच्यावर कागद साठले होते, ते मी आज उचलले. मग लक्षात आलं की आता ती रिकामी दिसते, म्हणून थोडे परत ठेवले.

दादा


१४ एप्रिल, रविवार

धाकट्या,

डिस्क भंगारात गेलेली नाही.

डिस्क बिघडलेलीही नाही. हे पत्र लिहिताना ती माझ्या टेबलावर आहे, चालू आहे, हात लावला तर गरम लागते. हे वाक्य मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला उसासे टाकणारा कॅल्क्युलेटर पाठवला.

आता नीट, क्रमाने सांगतो. वेचणीच्या यंत्रावर अकरा वर्षांचा पसारा झाला होता. मेलेली पानं, अर्धवट प्रयोग. मी झाडणीचा प्रोग्राम लिहिला. नियम एकच: ज्या पानाला हजार दिवस कुणाचा हात लागलेला नाही ते मेलं, ते काढायचं. दर रविवारी सकाळी नऊला तो चालायचा. मला त्या नियमाचा अभिमान होता, कारण त्यात अपवाद नव्हता. अपवाद ठेवले की पसारा होतो, असं मी तुला पन्नासदा सांगितलं आहे.

तिने शेवटची खुर्ची काढली त्याला त्या रविवारी हजार दिवस झाले होते. तू हे मोजलं असशील. मी मोजलं नव्हतं. यंत्राने मोजलं.

मी चहा घेऊन समोर बसलो होतो. पडद्यावर ‘सहाशे बारा चित्रं काढली’ अशी ओळ आली, आणि मी, धाकट्या, आधी खूश झालो. म्हटलं, बरीच जागा झाली. कप ठेवेपर्यंत मला आकडा ओळखीचा वाटला नाही.

तू म्हणशील, दुसरी प्रत? होती. दुसऱ्या डिस्कवर होती. पण ती प्रत मुळाबरहुकूम राहावी म्हणून मी अशी व्यवस्था केली होती की मूळ डिस्कवर जे पुसलं जाईल ते प्रतीतही लगेच पुसलं जावं. आणि पुसलेलं कुणाला उकरून काढता येऊ नये म्हणून त्या जागेवर शून्यं भरायची. टोपीवाल्याला मी उगाच नाही तसं लिहिलं. माझी पद्धतच ती. आणि तिच्या फळ्याला साठवायचं बटण मीच दिलेलं नव्हतं. ती एकदा म्हणाली होती, “दादा, एखादी माझ्याजवळ ठेवता आली तर?” मी म्हणालो, “साठवणं माझ्याकडे. तू फक्त काढ.”

म्हणून कागदावर एक नाही, तिच्या फोनवर एक नाही, तुझ्याजवळ एक नाही. तू कधी साठवली नाहीस, कारण दादाकडे आहेत.

तुझा फोन आला तेव्हा मी डिस्कवरची शून्यं वाचत होतो. सलग, ओळीने, कुठे काही राहिलं का म्हणून. सहा आठवडे वाचली. डिस्क गेली असं मी म्हणालो, कारण डिस्क गेली तर ते कुणाचंच केलेलं नसतं. मी शाळा अर्ध्यात सोडली, सगळं हाताने शिकलो, कुणाकडे काही विचारायला गेलो नाही. मला चूक करताना कुणी पाहिलेलं नाही. तू पाहावंस हे मला नको होतं. बाकी कुणाचं मी सहन केलं असतं.

सोबतच्या पार्सलात दोन्ही डिस्क आहेत. दुरुस्तीवाल्याला दाखव, मला माहीत आहे काही निघणार नाही, पण दाखव. माझ्या शब्दावर राहू नकोस. सापडलेल्या अठ्ठ्याऐंशी खुर्च्याही वेगळ्या घातल्या आहेत, लोकांच्या विनोदांसकट, जशा मिळाल्या तशा. कुणाच्या अंगावर कॉफीचा डाग आहे, कुणी अर्धी कापली आहे, एकीला मिशा काढल्या आहेत. मी कशालाही हात लावलेला नाही.

झाडणीचा प्रोग्राम बंद केला आहे.

तुझा दादा


५ मे, रविवार

धाकट्या,

पार्सल पोचल्याची पावती आली, तुझ्या सहीची. सही नीट पाहिली. घाईत केलेली वाटली. बाकी काही त्यात वाचता येत नाही, मी प्रयत्न केला.

टोपीवाल्याने माझ्यासाठी त्याच्या पानावर निवेदन लावलं: ‘एका काकांना खुर्च्या हव्या आहेत. चेष्टा नाही.’ खाली साडेतीनशे लोकांनी चेष्टा केली. स्वयंपाकघरातल्या स्टुलांचे फोटो पाठवले, एकाने सोफा पाठवून विचारलं की चालेल का. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, चालणार नाही, धन्यवाद. तर म्हणे माझी उत्तरंच आता लोक एकमेकांना पाठवतात. कटिंगवाल्याने छापखान्यात मोठ्याने वाचून दाखवली. आपल्याच साहेबांची आहेत हे त्याला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. छान वाचतो तो.

चेष्टेतून खऱ्या किती निघाल्या? एकही नाही. अठ्ठ्याऐंशीच.

आज वेचणी काढली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा रविवार चुकला. कुणी विचारलं नाही. तुझं नाक नसलं की ते पान नुसतं मोजमाप आहे, हे वाचणाऱ्यांना माझ्याआधी कळलं असावं.

दादा


२६ मे, रविवार

धाकट्या,

तुझं पाकीट काल आलं.

मी ते लगेच उघडलं नाही. आधी हात धुतले. आत चतकोर कागद, त्यावर एका पानाचा पत्ता, हाताने लिहिलेला. बाकी एक शब्द नाही. तिरकी रेघ मारलेली दोन शून्यं. मी पत्ता टाइप केला, एक टिंब चुकलं, पान उघडलं नाही, पुन्हा केला.

कुठल्याशा गावातल्या एका लिफ्टचा फोटो आहे. बटणांच्या वर कुणीतरी तिची खुर्ची छापून चिकटवली आहे, आणि खाली पेनाने लिहिलं आहे: ‘लिफ्ट बंद. जिन्याने जा, किंवा इथे वाट पाहा.’ खुर्ची माझ्या अठ्ठ्याऐंशींत नाही. तीनशे चाळिसावी. मला ती आठवते, कारण तिने त्या दिवशी चुकून तीनशे एकोणचाळीस हाच आकडा पुन्हा टाकला होता आणि मी लगेच कळवून दुरुस्त करून घेतला होता. आकडाच पाहिला होता मी.

काल चित्र पाहिलं. चारही पाय एकसारखे, पाठ ताठ. तिच्या हाताला हे किती जड गेलं असेल. सहाशे बारांत तेवढी एकच सरळ खुर्ची. आणि बसायच्या जागेवर आडवी ठेवलेली लोखंडी पट्टी, खुणांसकट, कुणी बसू नये अशी.

तू हे तेव्हाच ओळखलं होतंस, नाही का? तुम्ही दोघं हसला असाल. हसला असाल अशी आशा आहे.

तुला ही कुठे सापडली, किती दिवस शोधत होतास, विचारत नाही. तू वेचून पाठवायचास तेव्हाही नुसता पत्ताच पाठवायचास. खाली दोन ओळी लिहायचं काम माझं होतं. काल दुपारपासून त्या लिहितो आहे. टोपलीत एकवीस कागद आहेत. बाविसावा हा. आज वेचणीत एवढंच गेलं आहे, तिच्या नावासकट:

‘लिफ्टमधली खुर्ची, काढली वाकडीने. लोकांना बसायचं होतं, मी पट्टी ठेवली होती.
आता उचलली आहे.’

तुझ्या खुर्चीवरचे कागदही उचलले आहेत, सगळे. रविवारी मी घरीच असतो.

दादा